रोमँटिक संगीताची लक्षणे

३ सप्टेंबर

नवी वही, नवी नोकरी. जुनी वही औषध कंपनीतल्या शेवटच्या दिवशी संपली. त्यानंतरच्या पाच महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि जे घडलं ते लिहावंसं वाटलं नाही.

अकरा वर्षं मी औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो पातळ कागद लिहीत होते. कशासाठी घ्यावे, किती घ्यावे, काय झाल्यास डॉक्टरांना भेटावे. खोकं उघडलं की लोक आधी तो कागद फेकतात हे ठाऊक असूनही मी त्यातला एकेक स्वल्पविराम मन लावून घातला. आता मी सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिका लिहिणार. उकडायला लागलं की लोक त्या हलवून वारा तरी घेतात.

या सभागृहाचा पियानो गेली एकतीस वर्षं बाबा जुळवतात, त्यामुळे माझा वशिला लागला असं सगळे म्हणणार. म्हणोत बापडे. खरं तर बाबांनी माझ्यासाठी चकार शब्द काढला नाही. अर्ज केल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुला संगीतातलं काय कळतं?" त्यावर आई म्हणाली, "तिला औषधातलं तरी कुठे कळत होतं?"

आमचे व्यवस्थापक बोलताना सतत मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. सगळं सभागृह त्यांना पाठीमागे 'मिनिटकाटा' म्हणतं. त्यांनी चार मिनिटांत दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हंगामाचा पहिला कार्यक्रम ४ नोव्हेंबरला, एका पाहुण्या पियानोवादक बाईंचा, सगळा रोमँटिक काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातला. त्यासाठी चार पानांची पत्रिका हवी. साध्या माणसाला नुसत्या कानांनी हे संगीत ओळखता आलं पाहिजे, अशी.

दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी चक्क घड्याळाकडे पाहिलं नाही. एप्रिलमधल्या कलाकाराने लेखी तक्रार केली होती की पियानोच्या वरच्या पट्ट्या बेसूर आहेत. "ट्यूनरकाकांबद्दल मला आदर आहे. पण अशी आणखी एक तक्रार आली तर पुढच्या वर्षीचा करार मला त्या यंत्रावर सूर मोजून जुळवणाऱ्या मुलाला द्यावा लागेल." म्हणजे ४ नोव्हेंबरला बाबांचीही परीक्षा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एप्रिलमध्ये घरात काय चाललं होतं ते यांना काय माहीत! आई तापाने फणफणली होती. बाबा एकटेच कामाला गेले, रात्रभर जागरण झालेलं. अशा वेळी एखादी तार राहते. एकतीस वर्षांत एकदा राहिली तर लगेच तक्रार?

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे." आणि पाना पुसत बसले. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या फिरवायचा हा पाना, म्हणजे बाबांचा तिसरा हात.

८ सप्टेंबर

पाच दिवस सभागृहाच्या संग्रहातल्या जुन्या तबकड्या ऐकते आहे. सगळं सारखंच वाटतं. छान वाटतं, पण सारखं. शेवटी हात टेकले आणि बाबांना गाठलं.

ते म्हणाले, "मी संगीत ऐकून ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी पियानोची काय दशा झाली आहे ते बघून ओळखतो."

मला वाटलं गंमत करताहेत. पण नाही. रोमँटिकच्या आधीच्या काळातलं वाजवून कोणी गेलं असेल तर म्हणे पियानो बहुतेक आहे तसाच असतो, मधल्या भागातल्या चार-दोन तारा जरा सैलावलेल्या. कारण त्या वेळचे पियानोच लहान होते, पाच सप्तकांचे. ते लिहिणाऱ्यांच्या हाताखाली वरच्या टोकाच्या पट्ट्या नव्हत्याच. पुढे एकोणिसाव्या शतकात पियानो दोन्ही बाजूंनी वाढला, आत लोखंडी सांगाडा आला, तारांवरचा ताण वाढला, आणि लिहिणारे मोकाट सुटले. "रोमँटिक वाजवून गेलेला पियानो लग्नघरासारखा असतो. खालच्या जाड तारा उतरलेल्या, वरच्या बारीक तारा विस्कटलेल्या, पायाखालचं पेडल कुरकुरतंय. कुठला कोपरा सोडलेला नसतो."

मी हे सगळं उतरवून घेतलं. एका ट्यूनरने केलेलं शवविच्छेदन म्हणून ठीक आहे, पण पत्रिकेत छापता येणार नाही.

९ सप्टेंबर

पहिला खर्डा. सवयीने असा झाला:

'लक्षणे: आवाजात तीव्र चढ-उतार. कानोसा घ्यावा इतके हळू, आणि लगेच छाती दडपेल इतके मोठे. लय एकसारखी न राहणे, मध्येच रेंगाळणे व नंतर घाई करणे. सूर दीर्घकाळ न तुटणे. लक्षणे शेवटपर्यंत कमी न झाल्यास घाबरू नये.'

आईला वाचून दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. बाबांना वाचून दाखवलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "यात चूक काहीच नाही."

१४ सप्टेंबर

बाबा माझी परीक्षा घेतात. जेवण झालं की तबकडी लावायची, वेष्टन पाठीमागे लपवायचं, मी ओळखायचं. आज मी ठासून सांगितलं, "रोमँटिक!" निघालं शंभर वर्षं आधीचं.

"कशावरून म्हणालीस?"

"किती दुःखी आहे."

"अगं, दुःख काय त्यांनी शोधून काढलं? दुःखी माणसं आधीही होती. फक्त ती दुःख नीट घडी करून ठेवायची. ही मंडळी खोलीभर पसरून ठेवतात." मग त्यांनी आमच्या घरच्या जुन्या पियानोवर दोन ओळी वाजवून दाखवल्या. पहिली चार पावलं जाऊन सरळ घरी परत आली. दुसरी निघाली ती निघालीच. आता परत येते म्हणताना शेजारच्या गल्लीत शिरली, तिथून भलत्याच गावाला गेली, आणि मी श्वास धरून बसले की ही बया घरी येणार कधी.

"आली का नाही अजून?" मी विचारलं.

"तेच," बाबा म्हणाले. "तू वाट बघायला लागलीस. हे लिही."

आज पहिल्यांदा काहीतरी कळलं असं वाटतंय.

२० सप्टेंबर

सर्दी-ताप. बाबांनी जिभेखाली तापमापी ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. ते यंत्र चांगलं तीनदा टी-टी करून गप्प झालं तरी बाबा आपले माझ्याकडे बघत बसलेले. शेवटी मीच ते तोंडातून काढलं. इतकं कसलं तंद्रीत असतात कोण जाणे. कराराची काळजी खात असणार.

२७ सप्टेंबर

लिहिण्यासारखी गंमत. गेली तीन-चार वर्षं आई बाबांबरोबर कामावर जाते. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळा येतो म्हणते. मला वाटायचं कुठेतरी कोपऱ्यात विणत बसत असेल. आज एका शाळेच्या सभागृहात काही कागद द्यायचे होते म्हणून गेले, तर दारातूनच पाहिलं: बाबा पियानोच्या आत वाकलेले, आई बरोबर त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसलेली. बाबा एक तार छेडतात, पाना फिरवतात आणि आईच्या तोंडाकडे बघतात. पुन्हा छेडतात, पुन्हा बघतात. मग आई मान हलवते आणि बाबा पुढच्या तारेकडे वळतात.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली तरी नजर हटत नाही! मलाच लाजल्यासारखं झालं. कागद शिपायाकडे देऊन परत आले. मी काही सात वर्षांच्या वर संसार टिकवू शकले नाही, तेव्हा या विषयावर मी न बोललेलंच बरं. पण बघून बरं वाटलं, हेही खरं.

१० ऑक्टोबर

पाहुण्या बाईंकडून कार्यक्रम पक्का होऊन आला. सगळ्यात शेवटी दहा मिनिटांची एक रचना आहे. तिचा शेवट धडाक्यात नाही. सूर वर वर चढत जातो, हळू हळू होत जातो आणि अगदी वरच्या टोकाला, ऐकू येतो न येतो असा, विरून जातो. बाईंनी चिठ्ठीत मुद्दाम लिहिलं आहे की या रचनेसाठी पियानोचं वरचं सप्तक निर्दोष हवं.

बाबांनी कार्यक्रमाचा कागद दोनदा वाचला. "शेवटचं हेच? बदलणार नाही ना?" मी म्हटलं, बदलणार नाही. त्यांनी कागद आईकडे दिला. आईनेही तो वाचला, जणू तिला त्यातलं सगळं कळतंच.

१९ ऑक्टोबर

आज वीस तुकड्यांपैकी सतरा बरोबर! आता मी वाद्यवृंदही ओळखते. आधीच्या काळात वाजवणारे मोजके असतात. रोमँटिकमध्ये मागच्या रांगेत पितळी तुताऱ्यांची फौज, कडेला हार्प, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक इवलीशी बासरी कर्कश ओरडत असते. नावांवरूनही कळतं. आधीचे लोक नुसते क्रमांक देतात. हे लोक वादळ, जंगल, चांदणं, कोणाची तरी आठवण, असं काहीतरी सांगू बघतात. गावाकडच्या नाचाच्या चाली उचलून आणतात आणि दिवाणखान्यात बसवतात.

बाबांना म्हटलं, "ती इवली बासरी कसली टोचते कानाला!" ते म्हणाले, "हो, टोचायची." मग त्यांनी तबकडी बदलली.

२४ ऑक्टोबर

घरात भांडण. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन अचानक अलीकडे आलं, ३० तारखेला. तिच्याकडे दुसरं कोणी नाही. आईने जायलाच हवं, आणि आई म्हणते मी जाणार नाही. सख्ख्या बहिणीसाठी नाही जायचं? मी तिला बरंच सुनावलं. ती माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाली, "अहो, चार तारखेचं काय?" बाबा म्हणाले, "तू जा. मी बघतो काय ते."

मला खरंच कळत नाही. एक कार्यक्रम चुकला म्हणून इतकं काय?

२९ ऑक्टोबर

आई गेली. स्टेशनवर माझा दंड धरून म्हणाली, "एक तारखेला बाबांबरोबर जाऊन बस. समोर बस, बाजूला नको. आणि लक्ष दे."

"कशाकडे?"

गाडीची शिट्टी झाली. ती म्हणाली, "ते सांगतील." पोहोचल्यावर फोन केला तेव्हा मावशीच्या डॉक्टरांबद्दलच बोलत होती.

१ नोव्हेंबर

आईने सांगितलं तसं केलं. खुर्ची समोर टाकून बसले, मांडीवर पत्रिकेची शेवटची मुद्रितं. उद्या छपाईला जायची आहेत, त्यामुळे डोकं त्यातच. बाबांचं काम पाच तास चाललं. मधल्या आणि वरच्या प्रत्येक पट्टीला तीन-तीन तारा, त्यातल्या दोन जाड लोकरी कापडाच्या पाचरीने दाबायच्या, एक लावायची, मग बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. खालचा आणि मधला भाग त्यांनी माझ्याकडे न बघता केला. वरच्या टोकाला आल्यावर मात्र दर तारेला माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, पोरगी कंटाळली की काय याची काळजी. म्हणून मी दर वेळी हसून मान हलवत होते. चाललंय ते छान चाललंय, माझी चिंता करू नका.

वरचं सप्तक पाऊण तासात उरकलं. बाबा एकदम हलके झाल्यासारखे दिसले. परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा कान चांगलाच तयार आहे गं. आईपेक्षाही."

दोन महिन्यांच्या मेहनतीचं चीज झालं. पत्रिका त्यांनी वाचली असणार.

२ नोव्हेंबर

घडलं तसं लिहिते.

सकाळी पाहुण्या बाई सरावाला आल्या. मी मागच्या रांगेत. सुरुवात सुंदर. मग त्यांचा उजवा हात वरच्या टोकाला गेला आणि माझ्या दातांत कळ आली. एकाच पट्टीच्या तीन तारा तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलत होत्या. त्यांनी दोन-चार पट्ट्या एकेक करून दाबल्या, थांबल्या आणि मिनिटकाट्याकडे नुसतं बघितलं.

दोन महिन्यांपूर्वी मला हे कळलंही नसतं. तेव्हा पियानो आहे, असाच वाजत असेल, म्हणाले असते.

मिनिटकाटा मला बाहेर घेऊन आले. "उद्या दुपारी बारापर्यंत. त्यानंतर मी त्या मुलाला बोलावतो." त्यांना बोलताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

घरी आले. बाबांना म्हटलं, "वरचं सगळं बेसूर आहे." ते म्हणाले, "असं कसं? तू तर हो म्हणत होतीस."

"मी कधी हो म्हटलं?"

"दर तारेला. मान हलवत होतीस."

 शाळेतली आईची खुर्ची, तापमापी, 'टोचायची', एप्रिलमधला आईचा ताप, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. अकरा वर्षं मी लोकांना लक्षणं लिहून दिली, आणि घरातलं एक लक्षण मला दिसलं नाही.

"किती वर्षं?"

"चार. वरचं सव्वा सप्तक. आधी अंधुक व्हायचं, आता काहीच नाही. लाकडावर हातोडी आपटल्याचा ठोका तेवढा येतो. स्वर नाही." दूध नासलं म्हणून सांगावं इतक्या साधेपणाने ते बोलले. "आईने एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली. तारेतली थरथर थांबली की तिला बरोबर कळतं. मला वाटलं, तिने तुला सांगितलंय."

आईला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटलं ते सांगतील." मी ओरडले. दोघांवर ओरडले, आईवर फोनमध्ये आणि बाबांवर समोरासमोर. चार वर्षं मला का नाही सांगितलं? मी परकी आहे का? आई रडायला लागली. बाबा म्हणाले, "तुझं आधीच काय कमी चाललं होतं? त्यात हे कुठे?"

मी म्हटलं, मग सूर मोजायचं यंत्र वापरा. सगळे वापरतात, पडद्यावर काटा दिसतो. ते म्हणाले, "वापरेन. पण मग पियानो मी जुळवला असं म्हणणार नाही."

मला राग आला आहे आणि मला त्यांची दया येते, आणि दया येते याचाही राग आला आहे.

३ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता सभागृहात. आधी बाबांनी मला मधल्या पट्टीवर शिकवलं, जिथे त्यांना ऐकू येतं. दोन तारा जवळपास सारख्या असल्या की आवाजात एक लाट येते, वाँव-वाँव. पाना हळू फिरवला की लाट लांबते, आणखी लांबते आणि मग सपाट होते. "सपाट झाली की मान हलव. तोवर दगडासारखी बस. माझ्यावर दया आली तरी हलवू नकोस."

मग वर गेलो. तिथली लाट एवढीशी, डासाच्या पंखासारखी. पहिल्या पट्टीला वीस मिनिटं लागली. मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा नक्की कळलं. बाबांचा हात बघत होते. खुंटी ते केसभरही जास्त फिरवत नाहीत. त्या हाताला सगळं आठवतंय, फक्त कानाकडून निरोप येत नाही. नवव्या-दहाव्या पट्टीनंतर आम्हाला बोलायची गरज उरली नाही. आई इथे बसून काय करत होती ते मला आज कळलं, आणि त्या दिवशी दारात उभी राहून मी जे समजले होते तेही काही अगदी चूक नव्हतं.

पावणेबाराला संपलं. पाहुण्या बाई आल्या, वरपासून खालपर्यंत हात फिरवला, मग शेवटच्या रचनेचा शेवट वाजवून पाहिला. मिनिटकाट्याला म्हणाल्या, "आता काही म्हणायचं नाही." तेवढं ऐकून मी पहिल्या रांगेत बसून घेतलं. मिनिटकाटा बाबांचा हात दाबून म्हणाले, "उद्या कार्यक्रम झाला की कराराचा कागद करून टाकू, काका."

करार वाचला. कोणाला काही सांगायची गरज नाही. आई परत आली की सगळं पूर्ववत चालेल. बाबांना हे म्हटलं तेव्हा ते 'हं' म्हणाले.

५ नोव्हेंबर, सकाळ

काल लिहायला जमलं नाही.

सभागृह भरलं होतं. पत्रिका लोकांनी वाचली, काहींनी वारा घेतला. आम्ही चौथ्या रांगेत बसलो, बाबा माझ्या डावीकडे, त्यांच्यापलीकडे मिनिटकाटा. बाबांनी सुरुवातीलाच डोळे मिटून घेतले. ते तसेच ऐकतात.

मी काय ऐकलं ते सांगता येईल का बघते. एक ओळ निघाली आणि घरी परतायला पाऊण रचना लागली. मध्ये आवाज इतका वाढला की खुर्चीच्या पाठीतून अंगात शिरत होता. बाई लय ओढून धरत होत्या, मध्येच सोडत होत्या, आणि मी एकही लक्षण तपासायच्या भानगडीत पडले नाही. नुसती बसले होते. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा मी बाकी सगळं विसरून नुसती पुढच्या सुराची वाट बघत होते.

मग शेवटची रचना. सूर चढत गेला, बारीक होत गेला. आदल्या दिवशी तासन् तास ज्या पट्ट्यांशी झटले त्या एकेक करून आल्या, ओळखीच्या माणसांसारख्या. सभागृहात कोणी श्वास घेत नव्हतं. आणि त्या शांततेत बाबांनी टाळ्या वाजवल्या.

दोनच टाळ्या. मी त्यांचे हात पकडले. लोक वळून बघायला लागले. बाईंचा उजवा हात अजून पट्ट्यांवर होता, त्या वाजवत राहिल्या, वर, आणखी वर. बाबांनी डोळे उघडले. त्यांना बाईंची चालती बोटं दिसली. त्यांचे हात अजून माझ्या हातांत होते. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत. पलीकडून मिनिटकाटा बाबांकडे बघत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. एकतीस वर्षं पियानो जुळवणारा माणूस रचना संपायच्या आत टाळ्या का वाजवेल, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

मग खरोखर संपलं आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

बाहेर कराराचा विषय मिनिटकाट्याने काढला नाही, बाबांनीच काढला. "पुढच्या वर्षी माझं नाव घालू नका. त्या मुलाला बोलवा, चांगला आहे." मी मध्ये पडायला गेले, "अहो पण आज पियानो..." बाबांनी मला हातानेच थांबवलं. मिनिटकाटा म्हणाले, "काका, आजचा पियानो कोणी जुळवला?" बाबा म्हणाले, "हात माझा. वरचा कान हिचा, आणि चार वर्षं हिच्या आईचा. एप्रिलमध्ये मी एकटा होतो." मिनिटकाट्याने मान खाली घातली आणि बराच वेळ बाबांचा हात सोडला नाही.

बसथांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं, मी आणखी आधी हात धरायला हवे होते. ते म्हणाले, "वेडी आहेस का." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "मी टाळ्या वाजवल्या तेव्हा किती स्वर राहिले होते?"

"सात."

"सात," ते म्हणाले. "कसे होते?"

मी सांगितलं. पत्रिकेत लिहिलं होतं तसं नाही, जसं ऐकू आलं तसं. पहिले दोन जवळजवळ, मग एक उशिरा, मग तीन चढत गेलेले, प्रत्येक आधीच्यापेक्षा हळू, आणि सातवा इतका बारीक की तो थांबला कधी ते मलाही कळलं नाही. ते कान देऊन ऐकत होते. बस आली आणि गेली, आम्ही चढलो नाही.

"शुद्ध लागले होते?"

"हो."

"सगळे? सातवासुद्धा?"

"सातवासुद्धा, बाबा. एकही लाट नव्हती."

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला फोन लाव. तिला सांग, सगळे लागले."